शेवटचा फर्मा

भिकन देवरे यांनी कादंबरीचं शेवटचं प्रकरण सगळ्यात आधी लिहिलं, आणि खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. सोळा पानं झाली होती आणि सांगायचं ते सांगून संपलं होतं. पण सोळा पानांना कोणी कादंबरी म्हणत नाही, कथा म्हणतात. आणि कथा लिहिणारे नाशकात त्या काळी गल्लीला दोन होते. तेव्हा देवरे यांनी त्या सोळा पानांच्या आधी जवळपास पावणेतीनशे पानं घातली. त्यात नव्वदचं दशक बहुतेक सगळं गेलं.

ते पाटाच्या पाण्याशी संबंध असलेल्या एका सरकारी कचेरीत आरेखक होते. कालवे, चाऱ्या, पोटचाऱ्या यांचे नकाशे काढायचे. नकाशात पाणी निळ्या शाईनं काढतात आणि ते चारीच्या शेवटच्या टोकापर्यंत बिनतक्रार जातं. जमिनीवर ते वरच्या दोन-चार बड्या बागाइतदारांच्या द्राक्षांत मुरतं. हा फरक एकट्या देवऱ्यांच्याच लक्षात आला होता असं नाही, सगळ्या कचेरीच्या आला होता. इतरांनी त्यावर घरं बांधली, देवऱ्यांनी कादंबरी लिहिली.

कादंबरीचं नाव ‘कोरडी चारी’. चारीच्या अगदी टोकाला जमीन असलेली अक्काबाई नावाची विधवा पाण्याची वाट बघते. अर्ज करते, साहेबांना भेटते, साहेब बदलतात, पुन्हा अर्ज करते. शेवटच्या प्रकरणात मात्र ती फावडं खांद्यावर टाकते आणि चारीच्या काठानं उलटी, वरच्या अंगाला चालत सुटते. वाटेत चारीवर एकेकानं अडवलेलं पाण्याचं दार उघडते, कुणाशी भांडते, एका ओट्यावर चहा पिते आणि सगळ्यात वरच्या दारावर फतकल मारून बसते. सकाळी तिच्या रानात पाणी पोचतं. ते बघायला ती रानात नसते. ती वर दारावरच बसलेली असते, कारण ती उठली की दार बंद होणार हे तिला माहीत असतं.

देवऱ्यांची पत्नी उज्वला महापालिकेच्या शाळेत शिकवायची. सगळं हस्तलिखित वाचलेली त्या वेळची ती एकमेव व्यक्ती. तपासलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यावर ते बाड ठेवून ती म्हणाली, “पहिली सगळी पानं तुमच्या हापिसची आहेत. शेवटची तेवढी तुमची.”

“म्हणजे आवडली का नाही?”

“शेवटची आवडली.”

“आणि आधीची?”

“आधीची वाचली,” उज्वला म्हणाली.

पुढची दोन वर्षं बाड पुण्याला जाऊन येऊन होतं. एका प्रकाशकानं ‘विचाराधीन’ असं कळवलं आणि तो विचार अजून चालू असावा. दुसऱ्यानं ‘आपल्या लेखणीत वजन आहे’ असं लिहून बाड परत पाठवलं. टपालखर्च पाहता त्यात अतिशयोक्ती नव्हती. तिसऱ्यानं विचारलं की यात प्रेमप्रकरण घालता येईल का. देवऱ्यांनी कळवलं की नायिका बासष्ट वर्षांची आहे. त्यावर उत्तर आलं नाही.

शेवटी कादंबरी भद्रकालीत सावळीरामशेठ खोडे यांच्याकडे गेली. शेठचं ‘सुमुहूर्त ऑफसेट’ जिल्ह्यात लग्नपत्रिकांसाठी प्रसिद्ध होतं. येवल्यापासून पेठपर्यंत ज्या घरात मांडव पडला त्या घरात शेठचा गणपती पोचलेला असे. साहित्याशी त्यांचा संबंध म्हणजे पत्रिकेत खाली, चिमुकल्या भाच्याच्या तोंडी घातलेल्या ‘मामाच्या लग्नाला यायचं हं’ या दोन ओळी. पण शेठच्या व्याह्यानं नुकताच कवितासंग्रह काढला होता आणि तो येताजाता ऐकवत होता.

“कादंबरी जाड असते ना, देवरेसाहेब?” शेठनी विचारलं.

“दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं भरतील.”

“व्याह्याचा संग्रह चौसष्टचा आहे,” शेठ समाधानानं म्हणाले. “टाका कामाला.”

अशा रीतीनं ‘सुमुहूर्त प्रकाशन’ ही संस्था जन्माला आली.

अक्षरजुळणी कॉम्प्युटरवर स्नेहल नावाच्या मुलीनं केली. मुलगी हुशार होती, पण तिनं जन्मात पत्रिकेशिवाय काही जुळवलं नव्हतं. पहिलं प्रूफ आलं तेव्हा प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर गणपती होता आणि बासष्ट वर्षांची विधवा अक्काबाई जागोजागी ‘चि. सौ. कां.’ झाली होती. देवऱ्यांनी लाल पेनानं गणपती काढले. दुसऱ्या प्रुफात गणपती गेले, पण अक्काबाईच्या नावाखाली कंसात ‘बी.ए.’ आलं.

“पोरीच्या नावाखाली काही नसलं की मोकळं मोकळं दिसतं, काका,” स्नेहल म्हणाली.

प्रुफं संपली आणि छपाई सुरू झाली. पुस्तक फर्म्या-फर्म्यानं छापतात. एका मोठ्या तावावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं घेतात, तो एक फर्मा. तावावर निम्मी पानं सरळ आणि निम्मी डोक्यावर उभी असतात; घडी घातली की मुकाट्यानं रांगेत येतात. ‘कोरडी चारी’चे असे अठरा फर्मे व्हायचे होते. सतरा झाले, आणि डॉ. ललित उपासनींनी तारीख दिली.

डॉ. उपासनी हे नाशकातले समीक्षक. त्यांच्या हस्ते प्रकाशन झालं नाही तर पुस्तक अनौरस समजलं जाई. सरांची तारीख मिळणं मंगल कार्यालयाची मिळण्यापेक्षा अवघड होतं, कारण कार्यालयं बरीच होती. सरांनी डायरी उलटीपालटी करून मे महिन्यातला एक रविवार दिला. त्याच्या अलीकडे सर एका परिसंवादात होते आणि पलीकडे महाबळेश्वरला.

देवरे आनंदानं धावत सुमुहूर्तमध्ये आले. छापखान्यात उभं राहायला जागा नव्हती. बाकांवर, जिन्यात, मशिनच्या पायाशी वधूपिते बसले होते. काहींनी डबे आणले होते.

“शेठ, सरांची तारीख मिळाली. शेवटचा फर्मा कधी लावता?”

“आषाढात,” शेठ म्हणाले.

“तारीख वैशाखातली आहे.”

“वैशाखात तिथ्या पण आहेत, देवरेसाहेब. ह्या मंडळींना काय सांगू, पोरीचं लग्न थांबवा, एका बाईला पाणी द्यायचंय?”

बाकावरच्या वधूपित्यांनी देवऱ्यांकडे असं पाहिलं की त्यांनी आवाज खाली आणला. “शेठ, प्रकाशनाला पुस्तक लागतं.”

“पुस्तक लागतं. शेवट कुठं लागतो?” शेठनी पेन कानावर ठेवलं. “हे बघा. प्रकाशनात काय करतात? सर रिबिन सोडतात, पुस्तक छातीशी धरतात, फोटो होतो. आजवर कुठल्या सरांनी स्टेजवर शेवटचं पान उघडलंय? सतरा फर्म्यांच्या पन्नास प्रती बांधून देतो. नुसत्या समारंभापुरत्या. आषाढात अठरावा छापू, पन्नासच्या पन्नास परत उसवू, नीट बांधू. मुलगी तीच, फक्त मागनं पाठवणी.”

देवरे तीन दिवस नाही म्हणाले. चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की निमंत्रणपत्रिका शेठनी आधीच छापल्या आहेत. त्यांना मात्र मशिन मोकळं होतं. वरती गणपती होता.

समारंभ छान झाला. पुस्तकांना सोनेरी कागद आणि लाल रिबिन होती, दोन्ही घरचीच. सरांच्या हातून गाठ सुटेना. त्यांनी नखांनी प्रयत्न केला, नंतर दातांचाही विचार केला असावा, पण फोटोग्राफर समोर होता. शेवटी शेठनी खिशातून कात्री काढली. सरांनी पुस्तक छातीशी धरलं, फोटो झाला, आणि सर ग्रामीण कादंबरीच्या भवितव्यावर बोलले. त्यात ‘कोरडी चारी’चा उल्लेख एकदा आला आणि तो ‘कोरडी विहीर’ असा आला. देवऱ्यांना हायसं वाटलं. म्हणजे सरांनी वाचलं नव्हतं.

पण बाहेर शेठच्या जावयानं टेबल मांडलं होतं. देवरे धावत दारापाशी जाईपर्यंत निम्म्या प्रती गेल्या होत्या.

“अहो, इतक्यात वाचू नका,” ते एकेकाला सांगू लागले. “शेवट अजून यायचाय.”

“घाई नाही हो देवरे,” लोक त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले. “आम्ही कुठं लगेच वाचतो?”

हे सगळं असंच राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण महाबळेश्वरला तेव्हा अवकाळी पाऊस लागला, सरांच्या बॅगेत दुसरं पुस्तक नव्हतं, आणि सरांनी ‘कोरडी चारी’ वाचली. निदान समीक्षक वाचतात तशी वाचली, म्हणजे पहिली दहा पानं, मधलं एक आणि शेवटचं.

शेवटचं पान, म्हणजे दोनशे बहात्तरावं, असं संपत होतं: ‘अक्काबाईने फावडे उचलून खांद्यावर टाकले, एकवार कोरड्या चारीकडे पाहिले आणि’

पुढं कोरं पुठ्ठ्याचं अस्तर. पूर्णविरामसुद्धा अठराव्या फर्म्यात होता.

रविवारच्या पुरवणीत सरांचा लेख आला. शीर्षक होतं ‘आणि : एका अनुपस्थितीचे सौंदर्य’. मराठी कादंबरी आजवर पूर्णविरामाच्या आश्रयानं जगत आली, असं सरांनी लिहिलं होतं. देवरे या नवागतानं तो आश्रय नाकारला आहे. अक्काबाई पुढं काय करते हे न सांगण्याचं धाडस, पाण्याच्या अभावाला थेट वाक्याच्या अभावापर्यंत नेण्याची ही प्रगल्भता, इत्यादी दीड स्तंभ.

देवऱ्यांनी लेख दोनदा वाचला आणि शेवटच्या प्रकरणाचं हस्तलिखित घेऊन ते गंगापूर रोडला सरांच्या बंगल्यावर गेले.

“सर, एक खुलासा करायचा होता. तो शेवट नाहीये.”

“अगदी बरोबर,” सर म्हणाले. “मी तेच म्हटलंय.”

“नाही सर, म्हणजे शेवट आहे. तो छापायचा राहिला. लग्नसराई होती.”

सर हसले. नवे लेखक कौतुकानं बुजतात हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. देवऱ्यांनी ती पानं पुढं केली. सरांनी चष्मा लावून उभ्या उभ्याच चार ओळी पाहिल्या. “पाणी येतं?”

“येतं, सर.”

“अरेरे,” सर म्हणाले आणि पानं हळुवारपणे परत दिली. “हा मसुदा तुम्ही टाकून दिलात हे फार चांगलं केलंत. देवरे, लेखकाला आपण काय लिहून गेलो हे कळतंच असं नाही. त्यासाठी आम्ही असतो. चहा घेणार?”

देवऱ्यांनी चहा घेतला.

शेठ शब्दाचे पक्के होते. आषाढात मशिन मोकळं झालं आणि त्यांनी अठराव्या फर्म्याचे हजार ताव मोजून छापले. गठ्ठे मागच्या खोलीत लागले. पण बांधणी सुरू होणार तेवढ्यात एका साहित्य मंडळाच्या पुरस्काराची कुणकुण आली. त्या मंडळावर उपासनी सर होते.

“थोडं दमानं घेऊ,” शेठ म्हणाले.

जानेवारीत पुरस्कार जाहीर झाला. मानपत्रात ‘शेवट नाकारण्याचे धैर्य’ असे शब्द होते. शेठनी ते फ्रेम करून काउंटरमागं लावलं आणि उरलेल्या सगळ्या प्रती सतरा फर्म्यांच्याच बांधायला सांगितल्या.

“बक्षीस शेवट नसल्याबद्दल मिळालंय,” ते म्हणाले. “शेवट जोडला आणि त्यांनी शाल परत मागितली, मग?”

पुरस्कार घेताना देवऱ्यांनी ठरवून, कागदावर लिहून आणून, सगळं खरं सांगितलं. वैशाख, मशिन, वधूपिते, अठरावा फर्मा. सभागृह पोट धरून हसलं. अध्यक्षांनी समारोपात सांगितलं की देवरे यांचा विनोदही त्यांच्या चारीइतकाच कोरडा आहे.

त्यानंतर मात्र देवरे खरं बोलायचे थांबले. माणूस किती दिवस एकट्यानं खरं बोलेल? महाविद्यालयांतून बोलावणी येऊ लागली. विषय ठरलेला असे, ‘अपूर्णतेचे शिल्प’. मनमाडला त्यांनी चाचरत सांगितलं की लिहिताना एका टप्प्यावर हात थांबला. सिन्नरला हात आपोआप थांबला. नाशिक रोडच्या कॉलेजात पोचेपर्यंत देवरे डोळे मिटून सांगू लागले होते की त्या ‘आणि’शी मी तीन रात्री झुंजत होतो. त्या दिवशी उज्वला सुट्टी काढून मागच्या रांगेत बसली होती.

घरी आल्यावर तिनं देवऱ्यांच्या खांद्यावरची नवी शाल काढून घडी घातली आणि आधीच्या चार शालींवर ठेवली.

“शाली छान जमल्यात,” ती म्हणाली. “अहो, पण तुमच्या बाईला अजून पाणी मिळालेलं नाही.”

देवरे म्हणाले की साहित्य म्हणजे कालवा नव्हे.

“ते दिसतंच आहे. कालव्यात निदान वरच्यांना तरी पाणी मिळतं. आणि वर बसलेली माणसं मला माहीत आहेत, तुम्हीच लिहिलीत. त्यांच्यातले एक आज माईकवर बोलत होते.”

हे वाक्य देवऱ्यांना चावत राहिलं. ते चावत राहिलं याचं कारण ते त्यांना स्वतःला सुचायला हवं होतं. अखेर पुढच्या वैशाखाचा जोर ओसरल्यावर, एका दुपारी, ते सुमुहूर्तमध्ये गेले. दुसरी आवृत्ती काढायची आणि ती अठरा फर्म्यांची काढायची, नाहीतर हक्क परत द्या, असं बोलायचं ठरवून गेले.

“कसले हक्क परत?” शेठ म्हणाले. “बसा. ऊन किती आहे. अठरावा फर्मा म्हणता, तर त्याचं असं झालं, देवरेसाहेब…”

ते काय झालं हे सांगायला शेठना जड जात होतं. तेवढ्यात दारातून एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात वायरची पिशवी, चेहऱ्यावर देणं-घेणं करायला आलेल्या माणसाचा करारीपणा.

“वळखलं का शेठ? भिमाबाई. चांदवड. महिन्यामागं माझ्या पोरीच्या पत्रिका नेल्या.”

“हो हो. काही चुकलं का छपाईत?”

“पत्रिका बेस हुत्या. वाटल्या, लगीन झालं, पोरगी नांदाया गेली. मी त्या कागदाचं इचाराया आले.”

“कोणत्या कागदाचं?”

“पत्रिकांच्या गठ्ठ्याला वरून गुंडाळला हुता तो. छापील.” भिमाबाई बाकावर बसली. “आमचं किराण दुकान हाय ष्ट्यांडामागं. कागद हातात आला का वाचल्याबिगर मी पुडी बांधत नाय, सवयच हाय. तर ह्या कागदात एक बाई फावडं घिऊन चारीनं वर वर चाललीय. अर्धी पानं डोक्यावर उभी. आकडे बघून बघून कापली कातरीनं, लावली. पार शेवटपर्यंत वाचलं. पन ते सुरूच हुतं दोनशे त्र्याहत्तरपासून. त्याच्या आधीचं कुठं हाय?”

शेठनी मानपत्राकडे बघितलं. देवऱ्यांनी शेठकडे बघितलं.

“गठ्ठे जागा अडवत होते,” शेठ हळूच म्हणाले. “आणि कागद चांगला होता.”

“मला वाटलं, आधीच्या कागदात दुसऱ्या कुनाच्या पत्रिका बांधल्या आसतील,” भिमाबाई सांगत राहिली. “चार लग्नघरी जाऊन इचारलं. समद्यांकडं हाच. सोयऱ्यांकडं इचारलं, येवल्याला. तिथं बी हाच.”

देवऱ्यांनी अंदाज केला. कादंबरी हजार छापली होती आणि त्यातल्या बऱ्याचशा प्रती शेठच्या माळ्यावर होत्या. शेवटचं प्रकरण मात्र जिल्हाभर पोचलं होतं.

“सगळ्यांनी वाचलं?” त्यांनी विचारलं.

“वाचत्यात कशाला? कुनी फळीवर आंथरलाय, कुनी डब्यांखाली. मी वाचलं.” मग तिनं आवाज जरा उतरवला. “पानी आलं ते बरं झालं. पन बाई बघाया न्हवती रानात, वर दारावर बसून राह्यली. मला लय वाईट वाटलं. पन उठली आसती तर बंद केलं आसतं त्या लोकांनी. ते बी खरं हाय.”

वर्षभरात त्यांच्या कादंबरीबद्दल पुष्कळ बोललं गेलं होतं, पण अक्काबाईबद्दल कुणी बोललं नव्हतं.

“येक नाय पटलं,” भिमाबाई म्हणाली. “इतक्या रागानं निघालेली बाई मधीच कुनाच्या वट्यावर चहा पेती. आसं कुठं आसतं?”

“ते तिच्या नणंदेचं घर आहे,” देवरे घाईनं म्हणाले. “मागं दोघींचं भांडण होतं, बांधावरून. बारा वर्षं बोलत नसतात. हे सगळं आधीच्या पानांत आलंय. म्हणून त्या दिवशी नणंद स्वतःहून चहा पुढं करते.”

भिमाबाईनं थोडा विचार केला. “आस्सं हाय व्हय,” ती म्हणाली. “मग तर थांबाया पायजे. मग चहा घेतल्याबिगर कसं व्हईल?” आणि मग तिच्या लक्षात आलं. “तुमाला कसं ठावं?”

“मी लिहिलंय ते.”

भिमाबाईनं त्यांना चपलेपासून टकलापर्यंत एकदा पाहून घेतलं. तोवर शेठनी माळ्यावरची एक प्रत काढून, फुंकर मारून, तिच्यापुढं ठेवली होती. “हे घ्या बाई, आधीचं सगळं यात आहे. पुरस्कारप्राप्त आहे.”

भिमाबाईनं पुस्तक घेतलं आणि किराणावालीच्या सवयीनं आधी बूड तपासलं. शेवटचं पान वाचलं. अस्तर बोटानं चाचपलं. “ह्याची मागली पानं गळालीत, शेठ. ‘आनि’वरच तुटलंय.”

“त्यालाच तर बक्षीस मिळालंय.”

“फाटक्याला?” भिमाबाई म्हणाली. तिनं देवऱ्यांकडे वळून, अगदी सरळ, विचारलं, “भाऊ, येवढं लिवलं आन् मधीच तोडलं कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर देवऱ्यांना पाठ होतं. मनमाडचं होतं, सिन्नरचं होतं, तीन रात्रींच्या झुंजीचं तर डोळे मिटण्यासकट तयार होतं. त्यांनी डोळे उघडेच ठेवले.

“तोडलं नाही,” ते म्हणाले. “लग्नसराई होती. मशिन मोकळं नव्हतं.”

ते हसू येण्याची वाट बघत राहिले.

“हां,” भिमाबाई म्हणाली. “मग काय विलाज? आमाला बी पत्रिका आठ दिस उशिरा भेटल्या.” आणि तिनं पिशवीतून पैसे काढले. “फाटकं हाय तर कमी करा, शेठ. मागलं माझ्याकडं हायेच घरी. गोन्या शिवायचं दाभन हाय, सुतळी हाय. टाचून घीन.”

देवऱ्यांनी खिशातून पेन काढलं आणि सवयीनं पहिलं पान उघडलं.

“त्याच्यावर लिवू नका,” भिमाबाई पुस्तक ओढून घेत म्हणाली. “चांगलं हाय पुढलं.”

ती गेल्यावर शेठ बराच वेळ हिशेबाच्या कागदात डोकं घालून बसले. मग स्वतःच उठून मागच्या खोलीत गेले आणि एक गठ्ठा घेऊन आले. कोपरे मुडपलेले, वरच्या तावावर चहाच्या कपाचं वर्तुळ. “एवढेच राहिलेत. घेऊन जा. पण उपासनी सरांना बोलू नका.”

घरी उज्वलानं गठ्ठ्याकडे पाहिलं, देवऱ्यांकडे पाहिलं आणि काय झालं ते सगळं ऐकून घेतलं. ओट्यावरच्या चहाला भिमाबाईनं घेतलेली हरकत तिनं दोनदा सांगायला लावली.

“मला पण तो चहा खटकला होता,” ती म्हणाली.

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“नणंदेचं भांडण कुठं लक्षात होतं माझ्या? ती पानं मी वाचली होती नुसती.” ती उठली आणि पुस्तकांच्या कपाटातून ‘कोरडी चारी’ची प्रत काढून घेऊन आली. “परत वाचावी लागतील. घरात दाभण नसेल.”

नव्हतं. देवरे चप्पल घालून बाहेर पडले. मेनरोडला एकाही दुकानात दाभण नव्हतं. रविवार कारंजाच्या एका सुतळीवाल्यानं काढून दिलं आणि गोण्यांत भरायचे कांदे कुठले असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी डॉ. उपासनींचा फोन आला. संगमनेरला ‘आणि’वर परिसंवाद होता, देवरे यांनी यावं. देवरे म्हणाले की जमणार नाही. सरांनी कारण विचारलं.

“घरी शिवणकाम निघालंय, सर,” देवरे म्हणाले.

सर फोनवर मनमुराद हसले. हा कोरडेपणा आपण लेखात घालणार आहोत, असं त्यांनी सांगितलं.